‘मागून उंच आहे म्हणे’: शर्मनच्या एका रेझिन टरेटची तपासणी

प्रकरण असं. एका मित्राला १/३५ प्रमाणात शर्मन एम४ए१ या रणगाड्याचं मॉडेल करायचं होतं, आणि ते एका ठरावीक छायाचित्रातलं: जुलै १९४३, सिसिली, अमेरिकेच्या दुसऱ्या आर्मर्ड डिव्हिजनचा रणगाडा, किनाऱ्यावरून आत निघालेला. किट होतंच. पण किटमधला टरेट, म्हणजे रणगाड्याचा वरचा फिरता तोफेचा बुरूज, त्याला गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा वाटला, म्हणून त्याने रेझिनचा संच घेतला. त्यात टरेट, तोफेपुढची ढाल, हॅच (आतबाहेर करायची झाकणं) आणि छपरावरचे बारीक तुकडे होते. खोक्यावर ‘१९४३, मधलं उत्पादन’ इतकीच माहिती. ओतकाम इतकं सुबक, की टरेटच्या अंगावरचा ‘डी५०८७८’ हा ओतीव क्रमांकही नुसत्या डोळ्यांनी वाचता येत होता.

मग दोन जाणत्या मंडळींनी तो हातात घेऊन पाहिला आणि निकाल दिला: मागचा भाग उंच आहे, हा टरेट चुकीचा आहे, क्रमांक एकाचा आणि शरीर दुसऱ्याचं. मित्राने टरेट माझ्याकडे आणला आणि विचारलं, “ठेवू की परत करू?”

आरोप नेमका काय होता

शर्मनच्या ७५ मिमी तोफेच्या टरेटचे ढोबळ दोन प्रकार. डी५०८७८ हा आधीचा. त्याचा मागे बाहेर आलेला भाग, म्हणजे बसल, हलच्या (रणगाड्याच्या खालच्या धडाच्या) छपराजवळ खाली असतो. डी७८४६१ हा नंतरचा, त्याची बसल वर उचललेली. हा बदल शोभेसाठी नव्हता. हलचा पुढचा पत्रा जास्त उभा करून चालकाची हॅच मोठी केल्यावर टरेट मागे फिरवला, की खालची बसल त्या हॅचच्या आड यायला लागली. म्हणून बसल वर गेली, आणि त्याच सुमारास तोफेत गोळा भरणाऱ्या लोडरसाठी स्वतंत्र हॅचही आली. १९४३ च्या उन्हाळ्यात सिसिलीत उतरलेल्या एम४ए१ वर उंच बसल असणं शक्यच नाही. तेव्हा आरोप खरा असता, तर संच बाद.

इथे एक गोष्ट सांगतो. डी५०८७८ हा आराखड्याचा क्रमांक आहे, एखाद्या एका टरेटचा नव्हे. वेगवेगळ्या ओतशाळा त्याच आराखड्यावरून टरेट ओतत. त्यामुळे क्रमांक एकच असला, तरी पृष्ठभागाचा पोत, खुणांच्या जागा, कडांची गोलाई यांत फरक पडतो. क्रमांक वाचता आला म्हणजे टरेट ओळखता आला, हे संग्रहालयातल्या खऱ्या टरेटपुढे बऱ्याच अंशी चालतं. रेझिनच्या तुकड्यावर तो क्रमांक कुणीतरी बसवलेला असतो. तो संच बनवणाऱ्याचा दावा आहे, पुरावा नाही. आणि हाच दावा लोकांना सगळ्यात आधी भुलवतो, कारण तो रेखीव असतो. रेखीव आणि अचूक यांची गल्लत या छंदात फार होते.

मापं

आधी किट तपासलं, कारण टरेट त्याच्यावर बसणार. एम४ए१ ची लांबी ५.८४२ मीटर, रुंदी २.६१६, उंची मशीनगन सोडून २.७४३. पस्तिसाने भागलं की १६६.९, ७४.७ आणि ७८.४ मिमी. किटचा हल लांबीरुंदीत या आकड्यांच्या अर्ध्या मिमीच्या आत होता. खालची चाकं २० इंची, म्हणजे ५०८ मिमी, मॉडेलवर १४.५ हवीत, होती. पट्ट्याच्या कड्यांमधलं अंतर ६ इंच, म्हणजे मॉडेलवर ४.३५ मिमी; तेही जुळलं.

टरेटचं माप घेताना मात्र बरेच जण हमखास एका ठिकाणी अडखळतात. शर्मनच्या टरेट रिंगचा, म्हणजे टरेट ज्यावर फिरतो त्या कड्याचा, व्यास ६९ इंच, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. पस्तिसाने भागला की ५०.१ मिमी. मग लोक व्हर्नियर घेऊन टरेटच्या खालच्या कडेचा बाहेरचा व्यास मोजतात आणि ‘मोठा आहे’ म्हणून ओरडतात. पण ६९ इंच हा रिंगचा आतला, मोकळा व्यास आहे. बाहेरून दिसणारी कड त्याहून मोठीच असणार. पुस्तकातलं माप कुठून कुठपर्यंतचं आहे हे ठाऊक नसेल, तर ते न वापरलेलं बरं.

म्हणून मी रेझिनच्या टरेटची तुलना आधी किटच्या टरेटशीच केली. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दिशांना रेझिन सुमारे एक टक्क्याने लहान निघालं. खालच्या कडेचा व्यास दोन काटकोनी दिशांना सारखाच होता, म्हणजे साचा दाबला जाऊन तुकडा लांबट झालेला नव्हता. तिन्ही दिशांना सारखी घट असेल तर ती बहुतेक आकुंचनाची: रबराचा साचा थोडा आटतो, रेझिन घट्ट होताना थोडं आटतं. एकदा ओतलेल्या तुकड्यावरूनच पुन्हा साचा घेतला, तर ही घट दुप्पट होते. नक्कल करून विकलेले संच बरेचदा असेच पकडले जातात.

एक टक्का म्हणजे किती? ६५ मिमीच्या लांबीत पाऊण मिमीला थोडं कमी, खऱ्या रणगाड्यावर साधारण २३ मिमी. वाळूच्या साच्यात ओतलेल्या एवढ्या मोठ्या पोलादी वस्तूत काही मिमीचा फरक खऱ्या टरेटांमध्येही असायचाच. तेव्हा १/३५ मध्ये दशांश मिमीवरून भांडणं व्यर्थ. अर्धा मिमी डोळ्याला जेमतेम कळतो. एक मिमी, म्हणजे खऱ्यावर ३५, हा मात्र कळतोच, कारण तेवढ्याने छायारेखा बदलते. आकुंचनाचा मुद्दा मी नोंदवून बाजूला ठेवला.

या तुलनेतून आणखी एक गोष्ट दिसली. किटच्या टरेटवर डावीकडे मागे एक वेल्डची छोटी वळी आहे, आणि रेझिनच्या टरेटवरही तशीच, त्याच जागी, त्याच वळणाची. म्हणजे संचाचा मास्टर (ज्यावरून साचा घेतात तो मूळ नमुना) किटच्या टरेटवरूनच केलेला होता: वरून पोत चढवला, काही भाग बदलले. यात लबाडी काही नाही, किटवर बसणारा भाग करायचा तर ही सोपी वाट आहे. पण परीक्षकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ मोठा: किट आणि संच एकमेकांशी जुळतात याला काडीची किंमत नाही. किटमध्ये चूक असेल तर ती संचात उतरलेलीच असणार. साक्षीदार दोन दिसतात, साक्ष एकच असते.

बसलची उंची

आता मुख्य आरोप. यासाठी जमा केलेल्या छायाचित्रांपैकी निम्मी मी आधीच बाजूला काढली. शर्मनच्या सगळ्या प्रकारांना तीच ६९ इंची रिंग असल्याने कुठलाही टरेट कुठल्याही हलवर बसतो. ७६ मिमी तोफेचा टरेटसुद्धा त्यामुळेच सहज बसवता आला. म्हणूनच युद्धानंतर स्मारकांवर, फाटकांपुढे ठेवलेल्या रणगाड्यांत टरेट एकाचा आणि हल दुसऱ्याचा, असं सर्रास आढळतं. शिवाय अमेरिकेत १९४४-४५ मध्ये वापरून आलेले कितीतरी शर्मन कारखान्यात पुन्हा उघडून नव्या भागांनिशी बांधले गेले. संग्रहालयातला रणगाडा खरा असतो, पण तो कुठल्या तारखेचा खरा हे वेगळं विचारावं लागतं. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधला ‘मायकेल’ हा लिमा लोकोमोटिव्ह वर्क्सने बांधलेल्या अगदी पहिल्या एम४ए१ पैकी एक. त्याच्या हलवर चालकाच्या थेट पाहण्याच्या फटी आहेत, ज्या पुढे बंद झाल्या. १९४२ च्या सुरुवातीसाठी तो सोन्यासारखा, आपल्या रणगाड्यासाठी जपून वापरायचा.

उरलेल्या छायाचित्रांत एक बाजूने काढलेलं होतं: खालच्या बसलचा टरेट, क्रमांक वाचता येणारा, काढणाऱ्याने अंतर नोंदवलेलं, ३० मीटर. अंतर का महत्त्वाचं? अनेक जण चाकाच्या व्यासावरून छायाचित्राचं प्रमाण काढतात आणि त्याच पट्टीने टरेट मोजतात. पण चाकं कॅमेऱ्याच्या बाजूला असतात आणि टरेटची छायारेखा रणगाड्याच्या मध्यरेषेवर, म्हणजे सव्वाएक मीटर मागे. सहा मीटरवरून काढलेल्या छायाचित्रात याने टरेट सुमारे १७ टक्के लहान मोजला जातो. ३० मीटरवरून ४ टक्के. एक टक्का आकुंचनावरून वाद घालणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. टरेट मोजायला मध्यरेषेतलंच माप हवं. इथे मी हलची पूर्ण लांबी धरली, कारण पुढचं गोल नाक आणि मागची कड मध्यावर येतात.

त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे मोजण्याऐवजी तसंच छायाचित्र काढणं. ३० मीटर भागिले ३५ म्हणजे ८५७ मिमी. माणसाच्या हातातला कॅमेरा जमिनीपासून १.६ मीटरवर, म्हणजे टेबलापासून ४६ मिमीवर. फोन उलटा धरला, की लेन्स त्या उंचीला आणता येते. चाकावर माती लागल्यासारखं वाटेल इतकं खालून मॉडेल पाहिलं, की ते वेगळंच दिसतं. आपण मॉडेल कायम वरून पाहतो आणि रणगाड्याची छायाचित्रं माणसाच्या उंचीवरून. ‘आकार पटत नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच असतं. अंतर ठाऊक नसलेल्या जुन्या छायाचित्रासाठीही हीच रीत चालते. अलीकडच्या कोपऱ्यामागे पलीकडचा भाग जितका झाकलेला दिसतो, तितकाच मॉडेलवर झाकला जाईपर्यंत कॅमेरा पुढेमागे सरकवायचा. कुठलंही माप न घेता जागा सापडते.

दोन छायाचित्रं एकमेकांवर ठेवली तेव्हा बसलची खालची कड जवळजवळ एक मिमी वर होती. आरोप करणाऱ्यांच्या डोळ्याने बरोबर टिपलं होतं.

पण छपराची रेषाही वर होती. बसल उंच असेल तर तिची खालची कड वर जाईल आणि टरेटची बाकी रेषा जागेवर राहील. इथे पूर्ण टरेटच वर उचललेला दिसत होता. टेबलापासून टरेटच्या माथ्यापर्यंत मोजलं तर एकूण उंची ७८.९ मिमी भरली, हवी ७८.४. आणि तीही टरेट एक टक्क्याने लहान असताना, म्हणजे खरं तर किंचित कमीच भरायला हवी होती.

टरेट उलटा केला आणि उत्तर मिळालं. ओतताना तळाशी राहिलेला रेझिनचा जाड थर करवतीने कापलेला होता, पण पुरता नाही. रिंगच्या भोवती ०.६ मिमीची एक कड शिल्लक होती. नीट सपाट कापलेली असल्याने ती टरेटचाच भाग वाटत होती. मित्रालाच नव्हे, कुणालाही वाटली असती. संचासोबतच्या कागदावर कुठे कापायचं याची रेषासुद्धा नव्हती. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाणी लावून, ती कड उतरवली. (पाणी लावूनच, रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नसते.) किटच्या टरेटची मान शेजारी ठेवून उंची ताडून पाहत गेलो.

पुन्हा बसवून पुन्हा त्याच जागेवरून छायाचित्र काढलं. एकूण उंची ७८.३. बसलची कड आता ०.४ मिमी वर, म्हणजे खऱ्यावर १४ मिमी. एवढा फरक ओतशाळांमधल्या फरकात आणि माझ्या फोनच्या लेन्सच्या वाकड्यातिकड्यात सहज बसतो. हा खालच्या बसलचाच टरेट होता. सगळ्यात मोठ्या आवाजातला आरोप तिथे निकाली निघाला.

पोत आणि खुणा

हे लवकर उरकतो. पिवळट, अर्धपारदर्शक रेझिनवर पोत कळत नाही. राखाडी प्रायमरचा एक पातळ हात मारून, बाजूने प्रकाश टाकून पाहायचं. पाहिलं. पोत जास्त आहे. ओतीव पोलादावरचा खडबडीतपणा मिलिमीटरभर उंच धरला, तरी १/३५ मध्ये तो ०.०३ मिमी होतो, म्हणजे रंगाच्या थरांइतकाच. संचावरचा पोत याच्या कित्येक पट. गिऱ्हाईकाला पोत दिसायला हवा म्हणून बनवणारे तो चढवतात, आणि गिऱ्हाईकालाही तो आवडतो. मला याचं फार वाईट वाटत नाही. थोडा घासला की जातो. कमी पोत वाढवण्यापेक्षा जास्त पोत कमी करणं सोपं.

एक सूचना मात्र मित्राला आवर्जून दिली: टरेटच्या बाजूवरून जाणारी बारीक आडवी रेषा घासू नकोस. ती रेझिनच्या साच्याची नाही, खऱ्या टरेटच्या वाळूच्या साच्याचा सांधा आहे, आणि युद्धकाळातल्या छायाचित्रांत ती स्वच्छ दिसते. किती चांगल्या शर्मनांवरून ती भक्तिभावाने पुसून टाकलेली पाहिली आहे.

तोफेच्या तोंडाचं छिद्र ७५ मिमीचं, म्हणजे मॉडेलवर २.१४ हवं. संचातली नळी किंचित वाकलेली होती आणि छिद्र मध्यावर नव्हतं. धातूची नळी लावायची, विषय संपला.

जे कुणी विचारलंच नव्हतं

इतका वेळ सगळे बसलकडे पाहत होते. आता टरेट मित्राच्या छायाचित्राशेजारी ठेवला.

छायाचित्रातल्या रणगाड्याच्या तोफेपुढची ढाल अरुंद आहे, फक्त तोफेभोवती. हा एम३४ माउंट, म्हणजे तोफ बसवण्याची जोडणी. संचातली ढाल रुंद, टरेटच्या तोंडाची जवळजवळ सगळी रुंदी झाकणारी: एम३४ए१, ज्यात तोफेशेजारी थेट दुर्बीण बसवलेली असते. हा माउंट १९४३ मध्ये कारखान्यांत एकेक करून आला.

छायाचित्रात टरेटच्या डाव्या बाजूला मागे पिस्तूल पोर्टचं, म्हणजे आतून पिस्तूल झाडायच्या भोकाचं, जाड झाकण दिसतं. संचात तिथे सपाट भिंत. पोर्ट हा चिलखतातला कच्चा दुवा म्हणून १९४३ च्या पूर्वार्धात काढून टाकायचं ठरलं. पण रिकामी टरफलं बाहेर टाकायला, वरची हॅच न उघडता दारूगोळा आत घ्यायला तेच झाकण कामी येत होतं, त्यामुळे तो निर्णय टिकला नाही आणि पोर्ट परत आला. मधल्या काळात बिनपोर्टचे टरेट बनले. संचातला टरेट त्या मधल्या काळातला.

आणि उजव्या गालावर संचात वेल्ड केलेला जाड पत्रा आहे. टरेटच्या उजव्या पुढच्या भिंतीला आतून पातळ केलेलं होतं, गोलंदाजाजवळच्या टरेट फिरवण्याच्या यंत्रणेला जागा मिळावी म्हणून. ती दुबळी जागा झाकायला बाहेरून हा पत्रा जोडला गेला. पुढे तिथे ओतीव भिंतच जाड केली. छायाचित्रात गाल उघडा आहे.

या तिन्ही गोष्टी एकमेकींशी उत्तम जुळतात. १९४३ च्या मध्याच्या सुमारास कारखान्यातून निघालेल्या एम४ए१ साठी हा टरेट चोख आहे. पण जुलै १९४३ च्या दहा तारखेला सिसिलीच्या किनाऱ्यावर असलेला रणगाडा त्याआधी बांधून, अमेरिकेतून समुद्रापार पोचवून, पथकाच्या हाती दिलेला असणार. त्याचा टरेट आधीचाच हवा, आणि छायाचित्र तेच सांगतं. खोक्यावरचं ‘१९४३, मधलं उत्पादन’ खोटं नव्हतं. फक्त १९४३ हे वर्ष शर्मनच्या टरेटसाठी फार लांब होतं.

निकाल

मित्राला मी दोन वाक्यं लिहून दिली. आकारात संच स्वीकारार्ह, तळाची कड काढल्यावर. तुझ्या छायाचित्रासाठी मात्र नाही.

“मग पोर्ट नवा करून लावतो, पत्रा घासतो, ढाल बदलतो,” तो म्हणाला. करता येईल; पण मग संचातलं राहिलं काय? चढवलेला पोत, जो त्याला अर्धा उतरवायचाच होता. शिवाय पत्रा घासला, की त्याखाली भिंतीचा मूळ उतार संचात नसतोच, तो अंदाजाने काढावा लागतो. किटच्या टरेटला पोर्ट आहे, गाल उघडा आहे आणि किटच्या सुट्या भागांच्या सांगाड्यावर अरुंद ढालही दिलेली आहे. त्याच्यावर पातळ पुट्टी ताठ ब्रशने ठोकून पोत आणणं हे एका संध्याकाळचं काम.

शेवटी त्याने तसंच केलं. संच परत केला नाही. तीच डिव्हिजन जुलै १९४४ मध्ये नॉर्मंडीत ऑपरेशन कोब्राला होती, तिच्याकडे ७५ मिमीचे एम४ए१ तेव्हाही होते, आणि तिथल्या एका छायाचित्रात रुंद ढाल, पत्रा लावलेला गाल आणि पोर्ट नसलेली डावी भिंत असा रणगाडा त्याला सापडला. त्या रणगाड्याची चाकं मात्र एका बाजूलाच दोन प्रकारची दिसतात, काही आऱ्यांची, काही भरीव. आता तो त्यांच्यासाठी दुसरा रेझिन संच शोधतो आहे. मी त्याला सांगितलंय की घेण्याआधी तळ उलटा करून बघ.